राडारोड्याची वर्गवारी : जबलपूरच्या बांधकामांच्या संदर्भात

२२ मे १९९७ रोजी पहाटे सव्वाचार वाजून गेल्यावर जबलपूर शहर आणि परिसर भूकंपाने हादरला. या भूकंपाचे परिमाण ५.८ ते ६ च्या दरम्यान होते. सुमारे चाळीस जणांचा मृत्यू झाला. जबलपूरबरोबरच मंडला, शिवनी आणि छिंदवाडा या जिल्ह्यांतही हजारो घरांना तडे गेले अथवा ती कोसळली. खेड्यांतील मातीच्या व मातीत रचलेल्या विटांच्या घरांचे नुकसान मोठे होते. परंतु अभियंत्यांचे लक्ष वेधले ते शहरातील काही नव्या, बहुमजली इमारतींकडे. तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडून वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती उभारलेल्या या इमारतींचे तळमजल्यावरील खांब फुटले होते. प्रबलित काँक्रीटची आधुनिक इमारत म्हणजे निर्धोक इमारत, हा समज त्या पहाटे जबलपुरात खोटा ठरला.

भूकंपानंतरच्या चर्चेत बांधकामाचा दर्जा, आराखडा आणि मानके यांचा ऊहापोह झाला, आणि तो आवश्यकच होता. मात्र पडलेल्या आणि नंतर पाडाव्या लागलेल्या घरांतील विटा, दगड, लाकूड, सळया व काँक्रीट यांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न त्या काळी आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नसे. आज तो विचारावा लागतो. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत जबलपूरचा समावेश झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये दमोह नाका ते मदन महल हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल खुला झाला. जुन्या बाजारपेठांतील एकमजली घरांच्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या राहत आहेत. भूकंप न होताही शहर दररोज थोडे थोडे पाडले जात आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला जबलपूर परके वाटण्याचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. गोंदियाहून निघालेला लोहमार्ग आजही जबलपुरास जातो. शिवाय ज्या प्रश्नाची येथे चर्चा करावयाची आहे तो नागपूर, नाशिक वा कोल्हापूर येथेही तसाच आहे. फरक एवढाच की जबलपुरात त्याला भूकंपाची आणि तलावांची जोड आहे.

शब्दातच दडलेली अडचण

पाडकामातून निघणाऱ्या साहित्यास मराठीत आपण राडारोडा म्हणतो, जबलपुरात त्यालाच मलबा म्हणतात. राडा म्हणजे चिखल, रोडा म्हणजे विटेचा अथवा दगडाचा तुकडा. दोन्ही एकत्र झाले की राडारोडा होतो. शब्द बनविणाऱ्याने नकळत मूळ अडचणच सांगून ठेवली आहे. स्वच्छ वीट हा कचरा नाही, कोरडी वाळू हा कचरा नाही, लोखंडाला तर भंगारवाला रोख पैसे मोजतो. या वस्तू एकमेकींत मिसळल्या की त्यांचा कचरा होतो. बांधकामस्थळीच्या कचऱ्याचे व्यवस्थापन म्हणजे मुख्यतः हे मिसळणे रोखणे होय. यंत्रे, प्रकल्प आणि अनुदाने यांचा क्रम त्यानंतरचा.

राडारोड्यात नेमके काय असते? टायफॅक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्र शासनाच्या तंत्रज्ञानविषयक परिषदेने २००१ मध्ये याचे प्रमाण दिले होते. त्यानुसार माती, वाळू व बारीक खडी ३६ टक्के, विटा व गवंडीकाम ३१ टक्के, काँक्रीट २३ टक्के, धातू ५ टक्के, डांबर २ टक्के, लाकूड २ टक्के आणि इतर वस्तू १ टक्का असतात. म्हणजे जवळजवळ नऊ दशांश भाग खनिज स्वरूपाचा आहे. तो सडत नाही, जळत नाही आणि आपोआप नाहीसाही होत नाही. त्यामुळेच घरगुती कचऱ्यात तो मिसळणे दोन्ही बाजूंनी नुकसानीचे ठरते. जबलपूरजवळ कठौंदा येथे २०१६ मध्ये कचऱ्यापासून सुमारे ११ मेगावॅट वीज निर्माण करणारा प्रकल्प उभा राहिला. अशा भट्टीत विटांचे तुकडे आणि गिलाव्याची भुकटी गेली तर उष्णता मिळत नाही, केवळ राख वाढते. आणि विटांचे ते तुकडेही वाया जातात.

देशात हा राडारोडा दर वर्षी किती निर्माण होतो, याचे आकडे विद्यार्थ्यांनी जपून वापरावेत. टायफॅकचा २००१ मधील अंदाज सुमारे १.२ ते १.५ कोटी टनांचा होता. पुढे बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेच्या नावे १५ कोटी टनांचा अंदाज सर्वत्र उद्धृत होऊ लागला. दहापटीचा हा फरक केवळ वाढत्या बांधकामामुळे पडलेला नाही, मोजण्याच्या पद्धतीही भिन्न आहेत. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२० मध्ये दाखवून दिले की देशातील प्रक्रिया प्रकल्पांची एकत्रित क्षमता त्या वेळी दिवसाला सुमारे ६,५०० टन होती. वर्षाचे सर्व दिवस प्रकल्प चालले असे धरले तरी ही क्षमता २४ लाख टनांच्या आत राहते. १५ कोटींशी तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास येते.

राष्ट्रीय आकड्यांपेक्षा एका घराचा हिशेब अधिक बोलका आहे. नव्या बांधकामात दर चौरस मीटरला ४० ते ६० किलोग्रॅम आणि पाडकामात ३०० ते ५०० किलोग्रॅम राडारोडा निघतो, असे टायफॅकचे प्रमाण आहे. जबलपूरच्या कमानिया गेटच्या परिसरातील १०० चौरस मीटर बांधकामाचे एक जुने घर पाडून तेथे ३०० चौरस मीटरची नवी इमारत बांधावयाची आहे, असे समजू. पाडकामातून ३० ते ५० टन आणि नव्या बांधकामातून १२ ते १८ टन, म्हणजे एकूण ४२ ते ६८ टन राडारोडा निघेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन टन माल मावतो असे धरले तर चौदा ते तेवीस फेऱ्या झाल्या. या फेऱ्या कोठे जातात, याकडे शेवटी वळू.

जुनी घरे उतरविली जात

पूर्वी घर पाडले जात नसे, उतरविले जात असे. कौले एकेक करून काढीत, मग वासे आणि तुळया, मग चौकटी, आणि शेवटी भिंती. मातीत अथवा चुन्यात रचलेल्या भिंतीतील वीट हातोडीच्या दोन टोल्यांत मोकळी होई. तुटलेल्या विटा कुटून त्यांची सुर्खी करीत आणि ती चुन्याच्या घाणीत मिसळीत. भाजलेल्या मातीची ही बारीक पूड चुन्याशी रासायनिक संयोग पावते आणि त्यामुळे चुना ओल्या जागीही घट्ट होतो. विटेचा तुकडा नव्या बांधकामात निव्वळ भर म्हणून जात नव्हता, जोडद्रव्याचा घटक म्हणून जात होता. उत्तम चुना पुरविणारे कटनी १९९८ पर्यंत जबलपूर जिल्ह्यातच होते.

या पुनर्वापराला एक काळी बाजूही आहे. जबलपूरच्या पश्चिमेस तेवर येथे कलचुरींची राजधानी त्रिपुरी वसलेली होती. तिचे अवशेष नंतरच्या पिढ्यांनी दगडाच्या खाणीप्रमाणे वापरले. घडीव दगड उचलून नेले गेले आणि राजधानीच्या खुणा पुसट झाल्या. जुने साहित्य वापरणे हे सदैव पुण्यकर्मच असते, असे नाही.

सिमेंटने हे सारे गणित बदलले. सिमेंटच्या मसाल्यात रचलेली वीट काढावयास जावे तर मसाल्याआधी वीटच फुटते. काँक्रीटमधील सळई मोकळी करण्यासाठी काँक्रीट फोडावे लागते. ज्या गुणासाठी आपण सिमेंट वापरतो, तो घट्टपणाच पाडकामाच्या वेळी आड येतो. त्यातच यंत्राने पाडणे स्वस्त आणि जलद झाले. जेसीबीने दोन दिवसांत घर जमीनदोस्त होते. हाताने उतरवावयाचे तर दोन-तीन आठवडे लागतात. मजुरी आणि भाडे यांचा विचार करता मालकाला यंत्रच परवडते. मात्र त्या दोन दिवसांत खिडकीची काच, प्लास्टर ऑफ पॅरिसचे छत, विजेच्या तारा, कौले, माती आणि काँक्रीट यांचा एकच ढीग होतो. तो पुन्हा वेगळा करण्याचा खर्च मालकाच्या हिशेबात येत नाही. तो नगरपालिकेवर, शेजाऱ्यांवर आणि खालच्या अंगाच्या नाल्यावर पडतो. अर्थशास्त्राचे विद्यार्थी यास बाह्य खर्च म्हणून ओळखतील.

यावर मध्यम मार्ग आहे आणि तो अवघड नाही. यंत्र लावण्यापूर्वी चार-पाच दिवस हाताने काम करावयाचे. दारे, खिडक्या, लोखंडी जाळ्या, नळ, तारा, फरशा आणि कौले आधी काढून घ्यावयाची. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि काच बाजूला ठेवावयाची. मगच भिंती आणि स्लॅब यंत्राने पाडावयाचे, तेही शक्यतो वेगवेगळ्या वेळी, म्हणजे विटांचा आणि काँक्रीटचा ढीग स्वतंत्र राहतो. दारे-खिडक्या आणि लोखंड यांच्या विक्रीतून या मजुरीचा बराचसा भाग भरून निघतो.

नव्या बांधकामावरील नासाडी निराळी असते. ती बहुतांशी नियोजनाच्या अभावातून येते. विटा ट्रकमधून ओतल्या की फुटतात, हातोहात उतरविल्या की कमी फुटतात. भिंत ओळंब्यात नसेल तर ती सरळ दिसावी म्हणून गिलाव्याचा जाड थर द्यावा लागतो. गिलावा करताना खाली पडलेला मसाला फळी अंथरलेली असेल तर त्याच तासाभरात उचलून वापरता येतो, नसेल तर तो मातीत मिसळतो. सळया कोणत्या लांबीच्या किती लागतील याचा तक्ता आधी केला तर तुकडे कमी उरतात. पायाच्या खोदाईतून निघणारी माती हा सर्वांत मोठा ढीग असतो. नर्मदेच्या खोऱ्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून जोत्याच्या भरावात ती घालू नये. तीच माती बागेसाठी उत्तम असते. मुरूम निघाल्यास तो मात्र भरावासाठी जपून ठेवावा.

खडी पुन्हा खडी कशी होते

प्रक्रिया प्रकल्पात प्रथम मोठ्या जाळीवरून माती व बारीक चाळ वेगळी केली जाते. लाकूड आणि प्लास्टिक हाताने वेचतात, तर चुंबकाने लोखंड ओढून घेतले जाते. त्यानंतर जबड्यासारख्या यंत्रात काँक्रीटचे तुकडे भरडले जातात आणि चाळण्यांवरून वेगवेगळ्या आकारांची खडी पडते. ओल्या पद्धतीत ती धुतली जाते. त्यामुळे बारीक गाळ निघून जातो आणि वाळूचा दर्जा सुधारतो. धुण्याचे पाणी पुन्हा फिरविता येते. शेवटी उरणारा गाळ ही या पद्धतीतील नावडती वस्तू असून तिला अद्याप फारसे गिऱ्हाईक नाही.

अशा खडीला जुन्या मसाल्याचा थर चिकटलेला असतो. तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. नैसर्गिक खडीचे जलशोषण एक टक्क्याच्या आसपास असते, तर पुनर्प्राप्त खडीचे तीन ते पाच टक्के वा त्याहूनही अधिक भरते. हे लक्षात न घेता नेहमीइतकेच पाणी घातले तर खडीच ते पिऊन टाकते आणि काँक्रीट आटून जाते. मग गवंडी वरून पाणी ओततो आणि काँक्रीटची ताकद कमी होते. दोष खडीचा नसतो, तिला आधी भिजवून न घेण्याचा असतो. जिप्सम, म्हणजेच प्लास्टर ऑफ पॅरिसचे अवशेष खडीत राहिले तर त्यातील सल्फेटमुळे सिमेंट फुगून तडे जाऊ शकतात. पाडण्यापूर्वी छत वेगळे काढण्याचे महत्त्व यासाठीच आहे.

भारतीय मानक ब्युरोने आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ मधील आवृत्तीत अशा खडीला प्रथमच स्थान दिले. परीक्षेच्या दृष्टीने येथील फरक ध्यानात घ्यावा. निव्वळ काँक्रीट फोडून मिळविलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत वापरता येते. प्रबलित काँक्रीटमध्ये ही मर्यादा २० टक्के आहे आणि तीही एम-२५ प्रतीपर्यंतच. एम-१५ पेक्षा कमी प्रतीच्या भरावाच्या काँक्रीटमध्ये मात्र ती शंभर टक्के चालते. विटा व इतर गवंडीकाम मिसळलेल्या राडारोड्यापासून केलेली खडी केवळ या शेवटच्या कामासाठीच ग्राह्य आहे. एकाच घरातून निघालेल्या काँक्रीटचा ढीग वेगळा राहिला तर त्याची खडी नव्या इमारतीच्या खांबापर्यंत पोहोचू शकते. विटांशी मिसळला तर ती फरशीखालच्या थरातच राहते. मिसळण्याची किंमत मानकाने अशी आकड्यांत मांडली आहे.

याचा संबंध नर्मदेशीही आहे. जबलपूरच्या बांधकामांची वाळू मुख्यतः नर्मदेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या पात्रांतून येते. मे २०१७ मध्ये मध्य प्रदेश शासनाने नर्मदेतील वाळू उपसा काही काळ थांबविला, तेव्हा वाळूला पर्याय हवा याची जाणीव बांधकाम व्यवसायास प्रकर्षाने झाली. भरडलेल्या काँक्रीटची वाळू नदीच्या वाळूची जागा पूर्णतः घेऊ शकणार नाही. परंतु पदपथाचे ठोकळे, रस्त्याकडेचे कठडे आणि फरशीखालचा थर यांसाठी नदीचे पात्र उपसण्याचे समर्थन करणे आता कठीण आहे.

अशा वस्तूंचा अनुभव देशात नवा राहिलेला नाही. दिल्लीत बुराडी येथे २००९ मध्ये देशातील पहिला मोठा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. जुलै २०१९ मध्ये उद्घाटन झालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत राडारोड्यापासून बनविलेले सुमारे १८ लाख ठोकळे वापरण्यात आले. मध्य प्रदेशात इंदूर महानगरपालिकेने देवगुराडिया येथे दिवसाला १०० टन क्षमतेचा प्रकल्प चालविला आणि त्यातील ठोकळे शहराच्याच कामांत वापरले. इंदूरचे वैशिष्ट्य यंत्रसामग्रीत नसून या शेवटच्या गोष्टीत आहे. गिऱ्हाईक निश्चित असेल तरच प्रकल्प चालतो, आणि शहरातील ठोकळ्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक महानगरपालिका स्वतःच असते.

भूकंपप्रवण शहरातील मर्यादा

नर्मदा-शोण खचदरीच्या पट्ट्यात असल्याने जबलपूर आयएस १८९३ च्या २००२ मधील नकाशात तिसऱ्या भूकंप क्षेत्रात दाखविलेले होते. अशा शहरात पुनर्वापर करा असे सरसकट सांगून भागत नाही. कोणती वस्तू कोठे वापरू नये, हेही सांगावे लागते.

पहिले उदाहरण सळईचे. पाडकामातून निघालेल्या वाकड्या सळया ठोकून सरळ करावयाच्या आणि लहान बांधकामांना विकावयाच्या, हा व्यवसाय अनेक शहरांत चालतो. भूकंपात इमारत वाचते ती सळई तुटण्यापूर्वी ताणली जाते म्हणून. या गुणास तन्यता म्हणतात. एकदा वाकवून पुन्हा सरळ केलेल्या सळईची तन्यता घटते. तिच्या पृष्ठभागावर दिसणार नाहीत असे सूक्ष्म तडे असू शकतात, शिवाय गंजाने जाडी कमी झालेली असते. अशी सळई भट्टीत वितळविण्यासाठीच द्यावी. तेथेही ती वाया जात नाही, तिचे नवे पोलाद होते. खांब-तुळईत मात्र ती घालू नये.

दुसरे उदाहरण छताचे. गच्चीच्या गळतीवर उपाय म्हणून विटांचे तुकडे मसाल्यात बसवून ब्रिकबॅट कोबा करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. तुटक्या विटांचा हा चांगला उपयोग आहे, यात शंका नाही. परंतु भूकंपात इमारतीवर येणारे बल तिच्या वजनाच्या प्रमाणात असते आणि माथ्यावरचे वजन सर्वांत जास्त त्रास देते. दर काही वर्षांनी जुन्या कोब्यावर नवा कोबा चढविला गेला, तर आराखड्यात न धरलेला भार डोक्यावर साचत जातो. तुकडे जोत्याखाली घालावेत. छतावर घालावयाचे असल्यास अभियंत्यास विचारून घालावेत.

तिसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद अंगावर कोसळले. त्यानंतर मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबांनी दगडाचा धसकाच घेतला. वास्तविक दोष दगडाचा नव्हता. भिंतीच्या आतील व बाहेरील थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड घातलेले नव्हते, कोपरे जोडलेले नव्हते आणि छताचा भार अवाजवी होता. तोच दगड आरपार दगड घालून, सिमेंटच्या मसाल्यात रचून आणि भिंतीवर सलग पट्टा देऊन वापरला तर चांगली भिंत होते. जुना दगड सळईसारखा थकत नाही. पुनर्वापरायोग्य वस्तू कोणती, हे तिच्या वयापेक्षा इमारतीत तिच्याकडून कोणते काम करून घ्यावयाचे आहे यावर ठरते.

नियमांचा प्रवास

२००० च्या नागरी घनकचरा नियमांत बांधकामाचा राडारोडा स्वतंत्रपणे गोळा करावा, एवढाच उल्लेख होता. २९ मार्च २०१६ रोजी बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम स्वतंत्रपणे अधिसूचित झाले. दिवसाला २० टनांहून अधिक अथवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा निर्माण करणाऱ्यांनी काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड व प्लास्टिक, आणि विटा व मसाला असे चार वर्ग जागेवरच करावेत आणि काम सुरू करण्यापूर्वी व्यवस्थापन आराखडा मंजूर करून घ्यावा, असे त्यांत सांगितले होते. शासकीय व नगरपालिका कामांत १० ते २० टक्के साहित्य राडारोड्यापासून बनविलेले घ्यावे, ही तरतूदही त्यांत होती. दहा लाखांवरील शहरांना प्रक्रिया व्यवस्था सुरू करण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली होती. २०११ च्या जनगणनेनुसार जबलपूर याच वर्गात मोडते. जानेवारी २०१८ मध्ये बांधकामस्थळीची धूळ रोखण्यासाठी आच्छादन, पाण्याचा फवारा आणि झाकलेली वाहतूक यांसंबंधी स्वतंत्र अधिसूचना निघाली.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र शासनाने या विषयावरील नवे नियम अधिसूचित केले आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलबजावणीची तारीख ठरविली. विस्तारित उत्पादक उत्तरदायित्वाचे तत्त्व त्यांत बांधकाम क्षेत्रास लावण्यात आले आहे. २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधकामक्षेत्राच्या प्रकल्पांनी नोंदणी करून राडारोड्याच्या पुनर्प्रक्रियेची उद्दिष्टे टप्प्याटप्प्याने पूर्ण करावयाची आहेत. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेतही इमारतींसाठी २०,००० चौरस मीटर हीच मर्यादा होती, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

या नियमांतून काही गोष्टी वगळल्या आहेत. अणुऊर्जा प्रकल्प, संरक्षण व सामरिक महत्त्वाचे प्रकल्प, नैसर्गिक आपत्ती आणि युद्धजन्य विध्वंस यांतून निघणारा राडारोडा त्यांच्या कक्षेत येत नाही. जबलपूरच्या दृष्टीने ही सूट लहान नाही. १९०४ पासून तोफगाडी कारखाना येथे आहे. खमरिया येथील आयुध निर्माणी आणि वाहन निर्माणी यांमुळे शहराचा मोठा भाग संरक्षण खात्याशी निगडित आहे. दुसरीकडे, १९९७ सारखा भूकंप पुन्हा झालाच, तर एका पहाटेत निर्माण होणारा ढीगही या नियमांच्या बाहेरच राहील. आपत्तीच्या प्रसंगी माणसे वाचविणे प्रथम येते, हे सूटीमागील कारण समजण्यासारखे आहे. तथापि पहिल्या आठवड्यानंतर तो ढीग कोठे न्यावयाचा याची जागा जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात आधीच आखून ठेवण्यास या नियमांची आडकाठी नाही.

आणि वर ज्याचा हिशेब केला ते १०० चौरस मीटरचे घर? ते महिन्याला ३०० टनांच्या मर्यादेतही बसत नाही आणि २०,००० चौरस मीटरच्या तर जवळपासही जात नाही. अशा लहान घरमालकाने आपला राडारोडा संकलन केंद्रावर न्यावा, आणि ते केंद्र, तेथील पात्रे व पुढील वाहतूक यांची सोय स्थानिक संस्थेने करावी, असे २०१६ च्या नियमांत म्हटले होते. मोठ्या प्रकल्पाकडे अभियंता असतो, परवानगीची फाइल असते. लहान मालकाकडे गवंडी आणि ट्रॉलीवाला असतो.

तलाव आणि ट्रॉली

जबलपूरला बावन्न तलावांचे शहर म्हणण्याची जुनी प्रथा आहे. राणीताल राणी दुर्गावतीच्या नावाने, चेरीताल तिच्या दासीच्या नावाने आणि आधारताल तिचा मंत्री आधार कायस्थ याच्या नावाने ओळखला जातो. गोंड राजवटीतील या तलावांनी टेकड्यांवरून येणारे पावसाचे पाणी अडविले आणि विहिरींना पाणी पुरविले. आज चेरीताल हे एका वस्तीचे नाव आहे, राणीताल म्हटले की क्रीडा संकुल आठवते. तलाव एका दिवसात बुजत नाही. काठावर चार ट्रॉल्या माती पडते, तेथे गवत उगवते, पुढच्या उन्हाळ्यात आणखी चार ट्रॉल्या पडतात. सखल जागेचा भराव करून देणारा राडारोडा जागेच्या मालकाला फुकट हवाच असतो, आणि ट्रॉलीवाल्याला तो जवळ टाकावयास मिळतो. दोघांचाही फायदा होतो. पावसाळ्यात पाणी तुंबते तेव्हा मात्र त्या दोघांना कोणी शोधीत नाही.

ट्रॉलीवाल्याचा हिशेब साधा आहे. त्याला फेरीमागे ठरावीक रक्कम मिळते. त्यातून डिझेल वजा जाते आणि दिवसात जितक्या फेऱ्या अधिक, तितकी कमाई अधिक. शहराच्या एका टोकाला असलेल्या प्रकल्पापर्यंत जावयाचे तर दिवसात दोन-तीन फेऱ्या होतील, गल्लीच्या मागच्या खाचरात टाकावयाचे तर आठ होतील. दंडाची भीती दाखवून हा फरक भरून निघणे अवघड आहे, कारण रात्री टाकलेल्या ढिगावर कोणाचे नाव नसते. काही शहरांनी प्रभागनिहाय लहान संकलन केंद्रे ठेवली, तेथून महानगरपालिकेची मोठी वाहने माल प्रकल्पापर्यंत नेतात. मुंबईत दूरध्वनी केल्यावर शुल्क घेऊन राडारोडा उचलून नेण्याची सेवा महानगरपालिकेने सुरू केली. बांधकाम परवाना देतानाच वाहतुकीचे शुल्क भरून घेतले, तर मालकाच्या दृष्टीने तो खर्च आधीच झालेला असतो आणि ट्रॉलीवाल्याला आडमार्गाने जाण्याचे कारण उरत नाही.

कमानिया गेटजवळच्या त्या घरातून निघणाऱ्या चौदा ते तेवीस ट्रॉल्यांपैकी मातीच्या साताठ ट्रॉल्या एखाद्या बागेत वा भरावात जाऊ शकतात, विटांच्या पाच-सहा जोत्यात आणि फरशीखाली, काँक्रीटच्या तीन-चार भरड यंत्राकडे. लोखंड, लाकूड आणि दारे-खिडक्या भंगारवाला त्याच दिवशी उचलतो. प्लास्टर ऑफ पॅरिस, काच आणि कशातच न बसणारी वस्तू मिळून जेमतेम एक ट्रॉली उरते.